उलट्या हाताचा भत्ता

हाताला काहीच लागलं नाही, म्हणून तो "मेली" म्हणाला, म्हणजे लाइन बंद, आणि त्या एका शब्दावर विसंबून त्याच्या जोडीदाराने, शिडीने, स्क्रू ड्रायव्हर पॅनेलच्या आत घातला. कानाजवळ कुणी फाडकन टाळी वाजवावी तसा आवाज झाला. निळी-पांढरी ठिणगी उडाली, जळक्या तांब्याचा वास सुटला, आणि डोळ्यांपुढचे हिरवे ठिपके विरतात तोवर शिडी मागच्या रबरी चटईवर दोन्ही पाय पसरून बसलेला दिसला. स्क्रू ड्रायव्हरचं टोक वितळून त्याला मसुराएवढी गोळी आली होती. शिडीने आधी आपली बोटं निरखली. सगळी जागच्या जागी होती. मग तो हसला, म्हणजे हसण्यासाठी लागतं ते सगळं त्याच्या चेहऱ्याने केलं, फक्त रंग तेवढा परत आला नाही. शिडी हे अर्थात त्याचं नाव नव्हे. तो इतका उंच होता की, हा सोबत असला की शिडी वर न्यायला नको, असं कुणीतरी पहिल्याच दिवशी म्हणालं आणि ते चिकटलं ते चिकटलं. "दादा," शिडी खाली बसूनच म्हणाला, "आज हात लावायला विसरलात की काय?" आणि तो म्हणाला, "विसरलो." शब्द तोंडातून इतक्या सहज निघून गेला की तो आपणच बोललो हे त्याला दोन क्षणांनी कळलं. शिडी म्हणाला, "होतं असं. वय झालं तुमचं," आणि पुन्हा हसला, आणि या वेळी त्याच्या गालांवर थोडा रंग आला. त्याने शिडीला हात देऊन उठवलं. उठवताना शिडीच्या तळव्याचा घाम दिसला, पण तो थंड होता की गरम, ते त्याला सांगता आलं नसतं.

तो विसरला नव्हता. खरी गोष्ट ही होती, आणि ती सांगणं विसरण्यापेक्षा कितीतरी महाग होतं. त्याने उजव्या हाताची पाठ त्या तांब्याच्या पट्टीला नेहमीसारखी टेकवली होती, पापणी लवावी एवढाच वेळ, नेहमीसारखीच, आणि हाताने सांगितलं होतं, काही नाही. पट्टी मात्र जिवंत होती. त्यांनी खटका पाडला होता तो तिचा एक रस्ता. जनरेटरच्या बाजूने दुसरा रस्ता कुणीतरी उघडा ठेवला होता, आणि वीज काय, पाण्यासारखी, फट मिळाली की आलीच. ते कुणाचं चुकलं हे पुढे शोधलं जाईल. पण असे चोररस्ते पूर्वीही उघडे राहिले होते, आणि प्रत्येक वेळी या हाताच्या पाठीवर मुंग्या आल्या होत्या. त्या मुंग्यांवर तो जगला होता. तुमच्या टेस्टरचा दिवा उजेडात दिसत नाही, मीटरचा सेल नेमका त्याच दिवशी उतरतो, पण कातडी घरी विसरून कुणी कामावर येत नाही, असं त्याला शिकवणारा उस्ताद म्हणायचा. उस्तादाचा स्वभाव तिरसट होता आणि हात मऊ होता, बाईच्या हातासारखा. सरळ हाताने तार धरलीस तर मूठ मिटते गाढवा, मग ती लोकांनी लाकडाने ठोकून सोडवायची. उलटा लावलास तर आकसलेला हात तारेपासून लांब येतो. एवढीच त्याची शिकवण, बाकी नुसत्या शिव्या. नियमांच्या फळ्यावर उलट्या हाताला बंदी होती. फळा तळघराच्या दारातच टांगलेला होता, आणि त्याच्याखालून जाऊन सगळे जुने लोक हात उलटाच लावत. नवे मीटर लावत. शिडी नवाही नव्हता आणि जुनाही नव्हता. तो मीटर खिशात ठेवायचा आणि दादांचा शब्द ऐकायचा.

वरती इस्पितळ होतं. खाली, जिथे ते काम करत, तिथे खिडकी नव्हती. राखाडी पत्र्याची कपाटं ओळीने उभी, आणि त्यांचा सततचा घुमणारा आवाज, जो पहिल्या आठवड्यात डोकं उठवतो आणि नंतर घरी तो नसला की चुकल्यासारखं होतं. वरच्या मजल्यांवर माणसं यंत्रांना जोडलेली असत, त्यामुळे सगळं बंद करून निवांत काम करायची सोय नव्हती. एक तुकडा बंद पाडायचा, शेजारचा चालू, आणि मधल्या वीतभर जागेत हात घालायचा. याचे वेगळे पैसे मिळत. कचेरीत त्याला काहीतरी लांबलचक नाव होतं, पण तळघरात सगळे चालू भत्ता म्हणत. पगाराचा जवळजवळ चौथा हिस्सा. आणि तो माणसाला मिळत नसे, जोडीला मिळत असे. एक काम करणार, दुसरा त्याला सांभाळणार. जोडी फुटली की नवी जोडी लागेपर्यंत दोघांचाही भत्ता बंद.

वायरमनला मिळतं तरी किती हो, असं आयुष्यभर लोकांनी त्याला विचारलं होतं, आणि त्याने माणूस बघून उत्तर दिलं होतं. उसने मागायला आलेल्या चुलतभावाला त्याने निम्मं सांगितलं. सासऱ्यांना, लग्नाआधी, दीडपट. शेजारच्यांना "भागतं." आणि मेहुण्याला काहीच नाही, कारण मेहुणाही याच धंद्यातला होता, पण बंगल्यांची कामं उचलायचा, हाताखाली माणसं ठेवायचा, आणि गाडीतून उतरून दार लावताना ते दोनदा लावायचा. मेहुण्याचं म्हणणं असं की पगार हाताला मिळत नाही, तोंडाला मिळतो. गिऱ्हाइकाला घाबरवता आलं पाहिजे. ही वायर बघा, ही कधी पेट घेईल सांगता येत नाही, असं घरातल्या बाईंकडे न बघता, वायरकडे बघत म्हणायचं, की काम आपलं. त्याला ते जमलं नाही. त्याला तोंड नव्हतं. त्याच्याबरोबर शिकलेला एकजण कारखान्यात गेला तो रात्रपाळ्यांवर गबर झाला आणि झोपेचं औषध घेऊ लागला. दुसरा परीक्षा देऊन परवानाधारक झाला. तो आता फक्त सही करतो, आणि त्याच्या सहीला यांच्या अख्ख्या महिन्यापेक्षा जास्त मोल. ज्याने जितकं हाताने करायचं सोडलं तितका तो वर गेला, असा एकूण हिशेब होता. यात कुणाला दोष द्यावा असंही नाही. तोही परीक्षेला बसला होता, दोनदा, आणि दोन्ही वेळा लेखी पेपरात उलट्या हाताविषयी काही विचारलं नव्हतं. त्याच्या वाट्याला आलेली एकच बढती म्हणजे हा भत्ता. त्यामुळे इतरांना नुसता पगार मिळे, आणि त्याला, त्याच्या मनाच्या कोपऱ्यात, हाताचे पैसे मिळत. हे त्याने कुणाला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच ते. पण पगाराच्या दिवशी बँकेतून बाहेर पडताना तो उजवा हात खिशात घालायचा, उगाच, लाडक्या पोराला गर्दीत जवळ ओढावं तसा.

दुपारी कँटीनमध्ये त्याने चहाचा ग्लास हाताच्या पाठीला लावून पाहिला. काचेतून वाफ येत होती. पाठीला नुसता दाब कळला, ग्लास आहे एवढं कळलं. मग त्याने ग्लास गालाला लावला आणि गाल चटकन मागे आला. म्हणजे चहाचा दोष नव्हता. थंडीने असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं, पण कँटीनमध्ये पंखा चालू होता. हात उशाखाली घेऊन झोपलो असेन, हेही सांगून झालं. वर डॉक्टरांनी मजलेच्या मजले भरलेले, आणि खाली आपण चोरासारखा हात लपवून चहा पितोय, या विचाराने त्याला हसू आलं. समोर शिडी बसून ब्रेड खात होता. शिडी खुशीत होता. मोठ्या संकटातून वाचलेला माणूस असतो तसा, जरा जास्तच बोलत होता. "मी साहेबांना सांगून टाकलंय दादा, घाई माझी झाली म्हणून. तुमचं नाव आलं तरी नुसतं विसरले एवढंच येईल. विसरण्याला काय, समज देतात आणि सोडतात." मग तो नव्या खोलीबद्दल बोलू लागला. दोन खिडक्या आहेत, भाडं जास्त आहे, पण आता तिसरं माणूस येणार तर हवा पाहिजे की नको? भाडं भत्त्यात बसतं, पगाराला धक्का लागत नाही. बोलता बोलता त्याने बशीतला ब्रेडचा शेवटचा तुकडा उचलून त्याच्या पुढ्यात सरकवला. त्याने तो खाल्ला. त्याला शिडीची इतकी माया आली की त्याच्याकडे बघवेना. हा एवढा उंच माणूस उद्या पुन्हा त्या पत्र्याच्या कपाटासमोर वाकेल, मान तिरकी करेल, आणि 'मेली' हा शब्द येईपर्यंत श्वास धरून थांबेल.

घरी बायको स्वयंपाकघरात उभी होती. तो आत गेला, आणि काहीतरी करावं म्हणून शेगडीवरचं पातेलं उजव्या हाताने उतरवून ओट्यावर ठेवलं. ती बघत राहिली. "हेच ते," ती म्हणाली. "परवाही फडक्याशिवाय उतरवलंत. मागच्या आठवड्यातसुद्धा. मला वाटलं, ह्यांना म्हातारपणी मर्दुमकी सुचलीय, आपण बघत राहिलो तर थांबायचे नाहीत. म्हणून मी मुद्दाम बघत नव्हते." तो हसला. हसता हसताच त्याने तिला सगळं सांगून टाकलं, ठिणगी, शिडी, विसरलो म्हणालो ते, आणि सांगून झाल्यावर हात तिच्यापुढे धरला. तिने तो दोन्ही हातांत घेतला, उलटसुलट केला, भाजी निवडताना करतात तसा, आणि मग नखाने चिमटा काढला, चांगला जोरात. तो तिच्या तोंडाकडे बघत होता. तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. पहिल्याने तिने विचारलं ते मात्र हिशेबाचं. "भत्ता जाईल?"

"जाईल."

"आणि निवृत्तीचं?"

"शेवटच्या वर्षाच्या पगारावर धरतात. भत्त्यासकट."

"मग वर्ष तरी गप्प बसा. झाकली मूठ सव्वा लाखाची. डॉक्टरला बाहेर कुठेतरी दाखवू, आपल्या त्या इस्पितळात नको. तुमचं काय मेलं डोकं, विसरलो म्हणालात तेवढं एकच शहाणपणाचं केलंत." ती भराभर बोलत होती आणि भराभर ताटं मांडत होती. त्याला ते बरं वाटलं. कुणीतरी ठरवून टाकलं की माणसाला बरं वाटतं. वर्षभर तो हात लावल्यासारखं करील आणि दुसऱ्या हाताने गुपचूप मीटर लावील, असं त्याने जेवताना ठरवलंसुद्धा. पण मीटर डाव्या हाताने, अंधारात, शिडीच्या खांद्याआड कसं लावायचं हे तो मनाशी करून बघू लागला, आणि त्यात दर वेळी शिडी मध्येच वाकायचा. शब्द येण्याआधी वाकायचा, कारण इतक्या वर्षांत दादांच्या हाताची टेकण्याची लय त्याला पाठ झाली होती आणि शब्दाची तो खरं तर वाट बघतच नव्हता. हे त्याच्या आजवर लक्षात आलं नव्हतं. घास तोंडात तसाच राहिला.

ताटं उचलताना बायको म्हणाली, "शिडीच्या बायकोला कितवा?"

"सातवा असेल."

ती बराच वेळ भांडी घासत राहिली. घासलेलंच पातेलं तिने पुन्हा घासायला घेतलं. "मी तिला लोकर आणून देणार होते," ती म्हणाली, नळाकडे बघत. "पिवळी. मुलगा होवो की मुलगी, चालते म्हणून. कुठल्या तोंडाने देऊ आता?" वर्षभर गप्प बसा हे तिने मागे घेतलं नाही, आणि पुन्हा म्हटलंही नाही.

सकाळी साहेबांनी दोघांना वर बोलावलं. साहेब वयाने शिडीपेक्षाही लहान होता, आणि भला होता. भल्या माणसासमोर उभं राहणं अवघड. खोली अरुंद होती, टेबल, दोन खुर्च्या, भिंतीलगत एक लांबट बैठं कपाट, त्यावर स्टीलची विजेची किटली, पलीकडे हात धुवायचं बेसिन. "बसा मिस्त्री," साहेब म्हणाला. तो बसला नाही. हात पाठीमागे बांधून कपाटाला टेकून उभा राहिला. शिडी दाराशी. किटली नुकतीच उकळून खट् करून बंद पडली होती. साहेबाने सांगितलं की जनरेटरच्या बाजूचा खटका कसा चालू राहिला त्याची चौकशी वेगळी होईल, तो विषय यांचा नाही. यांचा एवढाच की शिडीने घाई केली आणि मिस्त्री तपासायला विसरले. दोघांना तोंडी समज. कागदावर काही नको. "इतक्या वर्षांत एकदा विसरलात मिस्त्री, चालायचंच," तो म्हणाला, आणि हसला, आणि कप मांडू लागला.

इथे सगळं संपलं होतं. त्याने फक्त मान हलवायची होती. भत्ता, दोन खिडक्या, निवृत्ती, सगळं एका मान हलवण्यावर उभं होतं, आणि मान हलवायला त्याची तयारीही होती, देवाशप्पथ होती. पण 'विसरलात' हा शब्द साहेबाच्या तोंडून आला आणि त्याला तो सहन झाला नाही. काल स्वतः उच्चारला तेव्हा तो लबाडीचा होता. आज तोच दुसऱ्याने मायेने पांघरला तेव्हा अंगावर झुरळ पडावं तसं झालं. या हाताने त्याला सोडलं, ठीक आहे. हात म्हातारे होतात. पण तो या कामाला कधी विसरला नव्हता, तापात नाही, आई गेली त्या आठवड्यात नाही. आणि वर्षभर, रोज, त्या कपाटासमोर त्याला विसरलेला माणूस म्हणून माफ केलं जाणार, आणि माफ करणाराच एक दिवस चटईवरून उठणार नाही.

"मी विसरलो नव्हतो साहेब," तो म्हणाला. "हात लावला होता. हाताला कळलं नाही."

साहेब कप धरून थांबला. "म्हणजे?"

"हात बधिर झालाय. चालू आणि बंद कळत नाही मला. चालू लाइनीवर मला ठेवू नका."

साहेबाने शिडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "मिस्त्री, नीट विचार करून बोला. हे मी ऐकलं तर मला जोडी मोडावी लागेल. दोघांचं नुकसान आहे. विसरलात तर काहीच नाही." तो खरोखर विनवत होता.

"ते उगाच बोलतायत साहेब," शिडी घाईघाईने पुढे येत म्हणाला. "मी समोर होतो ना, मी डोळ्यांनी बघितलं. हात लावलाच नव्हता त्यांनी. विसरलेच ते. आता मनाला लावून घेतलंय, म्हणून असं बोलतायत. दादा, कशाला हात दाखवून अवलक्षण करताय?"

"मग 'मेली' कोण म्हणालं?" त्याने विचारलं. आवाज चढला नव्हता. "हात न लावता मी कधी म्हटलंय का रे? एकदा तरी? सांग साहेबांना."

शिडीच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट येऊन जात होती, खोली, भाडं, बायको, आणि मग काल सकाळची ती चटई. तो दादांच्या चेहऱ्याकडे बघत नव्हता. खाली, पाठीमागे, कपाटाकडे कुठेतरी बघत होता, आणि बघता बघता त्याचं तोंड उघडं पडलं. "दादा!" तो ओरडला. "हात काढा! हात!" त्याने झेप घेऊन दादांचं मनगट ओढलं. किटली कलंडली, झाकण घरंगळलं, जमिनीवर उकळतं पाणी पसरलं आणि साहेब खुर्ची घेऊन मागे सरकला. पाठीमागे बांधलेल्या हातांतला उजवा हात इतका वेळ किटलीच्या पोटाला टेकलेला होता. त्याला वाटलं होतं, आपण भिंतीला टेकलोय.

हाताची पाठ बीटासारखी लाल झाली होती आणि मधे एक फोड हळूहळू वर येत होता. तिघेही त्याच्याकडे बघत होते. तोही बघत होता. दुसऱ्या कुणाचं तरी काहीतरी भाजलंय आणि आपण काही करू शकत नाही, असं त्याला वाटत होतं. शिडीने त्याला ओढतच बेसिनपाशी नेलं आणि नळ पूर्ण सोडला. हात पाण्याखाली धरून तो वाकून उभा राहिला, एवढा उंच माणूस, आणि लहान पोराला विचारावं तसं विचारू लागला. "लागतंय का? दादा, लागतंय का? थोडं तरी?"

त्याला हो म्हणावंसं वाटलं. इतक्या मायेने कुणी विचारलं तर माणूस हो म्हणून टाकतो, समोरच्याला बरं वाटावं म्हणून. शिडीचे डोळे भरून आले होते.

"नाही," तो म्हणाला.

शिडीने नळ बंद केला नाही. पाणी हातावरून धोधो वाहत होतं आणि मागे साहेब फोनवर वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना बोलावत होता. शिडी त्या हाताकडे बघत राहिला. मग त्याने अगदी हळू आवाजात, साहेबाला ऐकू जाऊ नये असं विचारलं, "मग उद्या मी कुणाच्या शब्दावर हात घालू?" आणि भत्त्याचं नाव दोघांपैकी कुणीच काढलं नाही.